शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं?

...नाही, पण मला एक सांगा, हा काय प्रश्न झाला का हो, माणसाच्या तोंडावर विचारायचा? मी तिथे आडवी पडलेली, तोंड एका बाजूला, उजवा हात असा लोंबतोय जसा काही कुणीतरी आपला हात माझ्याकडे सांभाळायला ठेवून गेलंय, आणि तो मोठा डॉक्टर, चष्मा कपाळावर चढवून, माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारतोय, "ह्यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं?" शेवटचं! धडधाकट! आणि कुणी! तुम्हाला सांगते, एवढा अवघड प्रश्न मला आख्ख्या जन्मात कुणी विचारला नव्हता. मुळात मला प्रश्न विचारायला कोण येतंय म्हणा...

थांबा, नीट सांगते. मी बस स्टँडवर घोषणा करायचे. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे, फलाट चारवर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटत आहे..." हां, बघा, चेहरे खुलले! ओळखलात ना आवाज? सगळे ओळखतात. काचेची एवढीशी खोली, एक खुर्ची, एक माइक, आणि एक पंखा, तो बंद ठेवायचा, कारण त्याची घरघर लोकांना आवडायची नाही. मी घामाने निथळले तरी ते कुठे ऐकू जातंय! शहरात एक माणूस नसेल ज्याने मला ऐकलं नाही, आणि पाहिलं म्हणाल तर कुणीच नाही. एकदा एक गृहस्थ मुद्दाम काचेला नाक लावून बघायला आला, आणि "ह्या होय!" म्हणून त्याने असं तोंड पाडलं, असं पाडलं, की मीच त्याला सॉरी म्हणाले. लग्न केलं नाही, म्हणजे झालं नाही, म्हणजे... जाऊ द्या, ती गाडी सुटली. निवृत्त झाले, दोन खोल्या, मी आणि रेडिओ. तोही बोलतो आणि मीही बोलते, ऐकायला तिसरं माणूस हवं, ते नाही.

तर त्या सकाळी आरशासमोर वेणी घातली. छान होते हो मी! चांगली धडधाकट! मग एकदम गरगरलं, उचकी लागली ती थांबेना, आणि ब्लाउजचं बटण काही केल्या काजात जाईना. आता मला सांगा, बटण लागत नाही म्हणून कुणी दवाखाना गाठतं का? पुरुषाचं बटण लागलं नाही तर तो ओरडतो, घर धावत येतं. आपण काय करतो? आपण पिन लावतो. मी पिन शोधायला गेले, म्हटलं पित्त झालं असेल, जरा टेकावं... आणि जाग आली ती फरशीवर. उठता येईना, हाक मारायला जावं तर जीभ म्हणजे तोंडात कुणीतरी ओला बोळा कोंबलाय. मग सरकत सरकत मोरीपर्यंत गेले आणि डाव्या हाताने तांब्या घेऊन पाइपावर ठोकायला लागले. ठण्ण! ठण्ण! बराच वेळ. शेवटी वरच्या मजल्यावरची बाई खाली आली. मदतीला? छे हो! भांडायला! "अहो, माणसं राहतात म्हटलं वर, काय चाललंय काय?" तिच्याकडे माझी एक किल्ली होती म्हणून दार तरी उघडलं. मला बघितलं, आणि मग मात्र बिचारीने दवाखान्याची गाडी बोलावली, बरोबर आली, सगळं केलं. नाही म्हणणार नाही.

पण तिथे गेल्यावर बोलायला लागली तीच! कारण मी बोलूच शकत नव्हते. एक तरुण डॉक्टरीण होती, तिला म्हणते कशी, "तशा ह्या जरा घाबरट आहेत हो. एकट्या राहतात ना... मनाला लावून घेतात." झालं! ती डॉक्टरीण माझ्या खांद्यावर थोपटून, कानाशी येऊन, लहान बाळाशी बोलावं तशी, "काकू, कसला ताण घेतलाय का? झोप होते का? कुणी काही बोललं का?" अगं, कोण बोलणार! हाच तर ताण आहे! मला ओरडून सांगायचं होतं की बाई, हात गेलाय माझा, हात बघ! सगळा जोर लावला, आणि तोंडातून काय बाहेर पडावं? "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे."

हसा, हसा. तीही हसली. हसू दाबत तिने काहीतरी लिहिलं. मी परत जोर लावला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे!" बाकी सगळे शब्द पळाले होते, आणि हे एवढं वाक्य, इतक्या वर्षांचं घोटलेलं, मेंदूच्या कुठल्यातरी कोपऱ्यात फलाटावरल्या बेवारशी सामानासारखं पडून राहिलेलं. माझी स्ट्रेचरची गाडी कोपऱ्यात लावली. उचकीसाठी गोळी दिली, शांत पडा म्हणाले. पडले.

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि एक ड्रायव्हर आले. म्हणजे निवृत्त झालेले, माझ्याच स्टँडवरचे, पण ते मला नंतर कळलं. त्यांचंही तोंड वाकडं, त्यांचाही उजवा हात लुळा, तंतोतंत माझ्यासारखं. फरक एवढाच, की त्यांच्याबरोबर बायको होती. आणि काय बायको हो! "डॉक्टर, हे भाजीत मीठ जास्त झालं म्हणून माझ्यावर ओरडत होते, आणि ओरडता ओरडता शब्दच वाकडे झाले, मी लगेच घड्याळ बघितलं!" बघा! नवरा अंगावर ओरडतोय आणि ही घड्याळ बघतेय! धावपळ झाली, त्यांना आत नेलं, मेंदूचा फोटो, इंजेक्शन... गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं ते. पहिल्या काही तासांतच द्यायचं, नाहीतर फायदा राहिला बाजूला, मेंदूत रक्त सांडायची भीती.

त्यांना बघायला आलेला मोठा डॉक्टर जाता जाता माझ्यापाशी थबकला, माझा हात उचलून सोडला, तो पडला धप्पकन. "अरे, ह्यांचं काय चाललंय इथे?" आणि मग तो प्रश्न. "ह्यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं?" त्या वेळेपासून मोजतात म्हणे. वरची बाई म्हणाली, "मी पाहिलं असं नाही हो... मी आपली ऐकते. रेडिओ लागला की समजायचं, आहेत." कालचं कुणी? नाही. परवाचं? नाही. अहो, मी पाहिलं होतं ना मला! सकाळी! आरशात! वेणी घालताना! पण माझ्या तोंडून "प्रवाशांनी..." डॉक्टरने मान हलवली. "वेळच माहीत नाही. आता रिस्क नको."

गेली गाडी. फलाटावर मी.

पुढे बरेच दिवस तिथल्या व्यायामाच्या खोलीत जायचे. तिथे एक मुलगी होती, माझी बोटं एकेक करून उलगडायची, चिखलाच्या गोळ्यात दाबायला लावायची. एकदा तिला विचारलं मी, म्हणजे अर्ध्या शब्दात, अर्ध्या खुणेत, समोर चालणाऱ्या ड्रायव्हरकडे बोट दाखवून, की ते चालतात, मी का नाही? औषध पुरुषांचं असतं का गं? ती म्हणाली, "आजी, औषध बाई-पुरुष बघत नाही. वेळेत मिळालं तर बायकांनाही तेवढंच लागू पडतं. पण बायका येतात उशिरा. एकट्या असतात, नाहीतर घरचं सगळं आवरून मग येतात. आल्या की गरगरतंय म्हणतात, थकले म्हणतात, आणि मग आम्हीसुद्धा ताण समजून बसतो. शिवाय घरी गेल्यावर पुरुषांचे व्यायाम त्यांची बायको करून घेते."

मी भुवया उडवल्या. म्हणजे, आणि बाईचे?

तिने चिखलाचा गोळा परत माझ्या हातात दिला. "दाबा आजी, दाबा."

ड्रायव्हरांच्या बायकोशी माझी तिथेच ओळख झाली. ड्रायव्हर मला नुसते "फलाटवाल्या बाई" म्हणायचे. ती मात्र शेजारी बसायची, माझ्या पदराची पिन नीट करायची. तुम्हाला सांगते, मला कुणी हात लावून किती वर्षं झाली होती, ते त्या पिनेमुळे कळलं.

एके दिवशी ती नवऱ्याचं कोपर धरून दारात आली, हसत, "आज ह्यांनी आपले आपण मोजे घातले, मिरवणूक काढा!" सगळे हसले. नवरा गेला चालायच्या दांड्यांमधून, ही बसली माझ्या बाजूला. थोड्या वेळाने बघते तर तिच्या हातातून पिशवी पडली. उचलली, परत पडली. म्हणाली, "मोजे उकळायचे राहिले." काय? आणि ओठाचा कोपरा... मला ओळखू येणार नाही का तो कोपरा? रोज आरशात बघते मी तो! मी तिचा हात धरला. ती म्हणते कशी, अडखळत, "ताण आहे... जरा. बसते, जाईल. ह्यांचा व्यायाम... होऊ दे आधी."

होऊ दे आधी!

मी उठायला गेले, उठता येईना. ओरडायला गेले, आणि आलं तेच. पण असं आलं, असं आलं, की काचा हलल्या. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे! प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे!" आख्खी खोली थिजली. ड्रायव्हर तर दांड्या सोडून ताठ उभे! इतक्या वर्षांची सवय, त्यांना वाटलं गाडी लागली. मी तिच्या तोंडाकडे बोट दाखवत होते. व्यायामवाली मुलगी धावली, तो मोठा डॉक्टर आला, चष्मा कपाळावर, आणि विचारलंनच. "ह्यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं?"

ड्रायव्हर म्हणाले, "मी! म्हणजे... आम्ही बरोबरच असतो हो, चोवीस तास. सकाळी चहा आला. म्हणजे तिनेच आणला. मी..." आणि माणूस असा थांबला, जसा भर रस्त्यात ब्रेक मारावा. "मी कप पाहिला. तिच्याकडे... बघितलंच नाही."

रिक्षात? "रिक्षात मी बाहेर बघत होतो."

एका घरात राहून, एका ताटलीतलं खाऊन, हिचीही माझ्यासारखीच गत! आणि तेव्हा तुम्हाला सांगते, माझ्या तोंडातून आजारानंतरचा माझा स्वतःचा पहिला अख्खा शब्द बाहेर पडला. "मी."

सगळे वळले. "मी पाहिलं. आत्ता. दारात. हसत... होती."

डॉक्टरने घड्याळ बघितलं. नेलं तिला. स्ट्रेचरवर नेताना नवरा तिचं कोपर धरून मागे, रडतोय, आणि रडता रडता विचारतोय, "अगं, चहाची पूड कुठल्या डब्यात असते?" आणि ती, अर्धी जीभ लुळी असताना, सांगतेय!

इंजेक्शन वेळेत मिळालं. चांगली सुधारली. हात चालतो, बोलणं स्वच्छ. माझ्यापेक्षा किती बरी! आनंद झाला मला, खरंच झाला. घरी येऊन रेडिओला सांगितलं मी. आणि माझी जीभ त्या "मी"पासून जी सुटली ती बघताय तुम्ही, आवरत नाही. हात मात्र राहिला तो राहिलाच. बटणं सोडली, आता सगळीकडे पिनाच.

हां, ती रोज सकाळी फोन करते मला. न चुकता. मी फोनपाशी आधीच जाऊन बसते, घसा साफ करून, आज काय काय सांगायचं ते मनात जुळवून. वाजतो. "काय हो, ठीक ना?" एवढं म्हणते, आणि मागून ड्रायव्हरांची हाक येते, "अगं ए, मोजे!" की ही, "आले आले! ठेवते हं, हे बोलावतायत." खट्.

मग मी सांगते सगळं. बंद फोनला. लोक म्हणतात, रोज कुणीतरी विचारतंय, हे काय कमी आहे?

थोडं कमीच आहे हो... पण चालतं.