डोळ्यातलं रक्त

१९४६ साली नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात राहीबाई आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर सोनईचा नूरमहंमद आणि त्याची बायको मुबारकबी डॉक्टरांच्या निकालासाठी थांबले होते. त्यांचं बोलणं राहीबाईच्या कानावर पडत होतं.

"रागात तुमच्यावर पळी फेकली, माझंच चुकलं. आता कसं दिसतंय?" मुबारकबीनं विचारलं.

"समदं लाल धुकं. शिरा खाल्ला की जरा बरं वाटतं."

"महिनाभर रोज करून घालतेच हाय की!"

"गूळ कमी पडतो."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नूरमहंमदला विचारलं,

"पळी नेमकी कुठं लागली होती?"

"खांद्याला, साहेब."

"मग पळीचा काय दोष? तुमच्या लघवीत साखर निघालीय. साखरेनं डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि आत रक्त उतरतं."

"खांद्याला?" मुबारकबी नवऱ्याकडं वळली.

"मला वाटलं, हादरा वर पोचला आसंल."

"साहेब, नजर वाचंल ना पन ह्यांची?"

"पथ्य पाळलं तर वाचेल. गोड आजपासून बंद."

"कारलं चालंल?"

"उत्तम."

"दोन्ही वक्ताला?"

"अगं, साहेब एवढं कुठं म्हनले?"

राहीबाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाई, आमच्या मळ्यात लई कारली लागल्यात. पाटीभर धाडते."