न्यायाधीशाची सही

तसा नाही हो, फॉर्म उलटा धरलाय तुम्ही — हां, असा. पहिल्यांदाच आलेल्या दिसता. माझी ही चौथी खेप. या पिशवीत दिराचे कपडे आहेत, पण आत कोठडीत घेतील तर शपथ. मागच्या वेळी पायजम्याला नाडी आहे म्हणून अख्खी पिशवी परत केली. आणि हे सगळं कुणामुळे? माझ्या धाकट्या जावेच्या शहाणपणामुळे. सांगते ना, बसा.

दर रविवारी वर्गाला जायची ती, परदेशी माणसाचे हक्क शिकायला. हक्क म्हणे. मी सतरा वर्षं हॉटेलच्या चादरींना इस्त्री केली तेव्हा कुठे इथे राहायचे कागद हातात पडले, मला नाही कुणी हक्क शिकवले. तिचेही झालेत, राहिले फक्त भाऊजींचे. तर हिनं एक कार्ड आणून दाराला आतून चिकटवलं — दार उघडू नका, न्यायाधीशाच्या सहीचा कागद मागा, प्रश्नांना उत्तरं देऊ नका, कशावर सही करू नका. भाऊजींकडून घोकून घेतलं, एवढ्या बाप्याकडून. मंगळवारी सकाळी आले दोघं, बिनकागदाची माणसं पकडणारे. ही आतून म्हणते, कागद दाराखालून सरकवा. त्यांनी सरकवला. बाईसाहेबांनी वाचला आणि म्हणाल्या, ही तुमच्याच साहेबाची सही आहे, न्यायाधीशाची कुठाय? दार उघडणार नाही. काय हा ताठा, सरकारी माणसापुढे.

आता मी आपली भाजी घेऊन जिना चढत होते. ते उतरत होते, म्हणजे — निघालेच होते. एकानं अदबीनं माझी पिशवी धरली, म्हणाला, इथेच राहता का? म्हटलं, राहते, घर माझ्या नावावर आहे, कागद दाखवू का? मग काय, माझ्याच घराबाहेर उभी राहू मी, तिची मर्जी होईपर्यंत? किल्ली होतीच, उघडलं. आता माणूस दारात उभा, हातात आपली भाजी — काय म्हणतो आपण? मी म्हटलं, या, बसा.

भाऊजी आरशासमोर, अर्ध्या गालाला साबण. नाव विचारलं तर मुका. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मलाच कसंतरी झालं — काय म्हणतील, घराला वळण नाही? म्हटलं, भाऊजी, सांगा की, त्यात काय — आणि सांगून टाकलं मीच. नाव सांगितलं, कुठून आले ते सांगितलं. तेरा वर्षं झाली, कागद नाहीत पण कुणाच्या अध्यात ना मध्यात, असंही म्हटलं. चांगलंच बोलत होते ना मी? साबणसुद्धा धुऊ दिला नाही त्यांना, तसेच घेऊन गेले. धाकटी माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत राहिली. माझ्याशी अजून बोलत नाही.

आणि भाऊजींची वकील, ती कालची पोर, पेन चावत विचारते — ते परस्पर घुसले, की तुम्ही आत बोलावलं? परस्पर घुसले असतील तर लढायला जागा आहे म्हणे. मी म्हटलं, आठवत नाही. आज इथेच न्यायाधीशासमोर शपथेवर विचारणार आहेत. खोटं बोलू? खरं बोलू? एवढासा शब्द तो, 'या'. तुम्ही नसता म्हटला? — मान काय हलवता, तुमच्या दारात कुणी आलं नाही अजून.

गप्प बसा आता. ती बघा, जिना चढून येतेय, धाकटीच. सरका तिकडे, तिला जागा द्या. आणि मी तुमच्याशी काही बोललेले नाही.