घोंगड्यावर दिलेला शब्द

चपला काढून बसा ताई, घोंगडं हाय ते. राग मानू नका, कुनी बी आलं तरी मी हेच म्हनते, कलेक्टर आला तरी म्हनंन. कावून ते पुढं सांगते. चा ठिवलाय, तवर बसा निवांत.

माझं माहेर चौसाळ्याच्या अंगाला, धनगरवस्तीत. माझा बाप घोंगडी विणायचा. घरातच माग व्हता, खड्ड्यात पाय सोडून बसायचा आन दिसभर नुसतं खटाक खटाक. बाया लोकर पिंजायच्या, सूत कातायच्या, गडी विणायचे, असं काम वाटून घेतल्यालं. आई चिंचोके भिजवायची, वाटायची, त्याची खळ शिजवून सुताला फासायची, तवा कुठं सूत मागावर टिकायचं. त्या खळीचा आंबूस वास घरभर, केसाला, कापडाला. मी शाळंत गेल्ते थोडे दिस, तर पोरी नाक धरायच्या, मग न्हाई गेले. आता काय सांगू तुम्हाला, त्यो वास मला गोड वाटायला लागलाय, आन हितं अत्तर मारून येत्यात त्या लोकांचा वास सोसत न्हाई मला.

मला दिली नेकनूरकडं. मालक मेंढरामागं. लगीन झालं तवा लई मान व्हता बरं का मेंढरवाल्याला, शेतकरी घरी यायचा, म्हनायचा पाव्हनं औंदा आमच्याच रानात बसवा मेंढरं. मेंढरं रानात बसली की लेंडीखत पडतं, मूत मुरतं, पुढल्या साली ज्वारी अशी उठायची की मानूस दिसू नये. मग ते ज्वारी द्यायचे, तूर द्यायचे, पोरांना गूळ. त्या ज्वारीवर आमचं घर, आमच्या लोकरीवर त्यांची थंडी, आसं चालल्यालं. आता काय, युरिया. आन कापसावर मारत्यात ते औषध. माझ्या चार मेंढ्या पऱ्हाट्या खाऊन तोंडाला फेस येऊन मेल्या, तर शेतवाला म्हनतो, बाई तुजी मेंढरं माझ्या रानात आलीच कशी बे? मला बाईमानसाला बे म्हनतो! त्याचा बाप आमच्या दारात यायचा बोलवायला.

लोकर तर आता कुनी फुकट बी न्हेत न्हाई. कातरली की वड्यात पडती, पावसात कुजती, कुत्री लोळत्यात. ते बघितलं की शिसारी येती मला. बाजारात घोंगडी हायेत, न्हाई आसं न्हाई, मशीनची, लोकरीचा धागा बी न्हाई त्यात, पेटवली तर प्लास्टिकवानी गोळा व्हती. पुढाऱ्याच्या खांद्यावर टाकायला तीच आनत्यात, आन संगं काठी, आन एखादं कोकरू देत्यात हातात फोटूपुरतं. कोकरू वरडतंय, पुढारी हासतोय. थू.

हे घोंगडं, तुमी बसलाय ते, माझ्या बापानं लग्नात दिल्यालं. मालक वस्तीचे कारभारी, म्हून वस्तीची बैठक ह्याच्यावरच बसायची. रीत आशी की पायताण काढून बसायचं, आन ह्याच्यावर बसून जे बोलला ते फिरवायचं न्हाई. जमिनीची भांडनं, सोयरीक, नांदवनं न नांदवनं, सगळं ह्याच्यावरच मिटलं. कागद न्हाई, सही न्हाई. एकदा बोलला की बोलला.

तर गायरानाची कुनकुन आली. गायरान म्हंजी गावाची चराईची जमीन, आमच्या मेंढरांना तेवढंच राह्यल्यालं, बाकी समदीकडं तारा. ते सोलारच्या काचांना देनार म्हून लोक बोलाय लागले. मग मालकांनी पुढाऱ्याला बोलावलं. नाव घेत न्हाई मी त्याचं, तोंड विटाळतं. गावातलाच हाय, त्याच्या आज्याच्या रानात आमच्या सासऱ्यानं मेंढरं बसवल्याली, त्याला आमच्या समद्या रीती ठावं. आला, दारातच बूट काढला, ह्या घोंगड्याला हात लावून पाया पडला, मांडी घालून बसला. म्हनला, मी असेस्तवर गायरानाला कुनी हात लावत न्हाई. मालकांच्या डोळ्याला पानी. आमचा एक भाचा शिकल्याला, त्यो म्हनला, मामा ह्यांच्याकडून ग्रामपंचायतीचा ठराव लिहून घ्या. मालक त्याच्यावरच खेकसले, घोंगड्यावर बसून बोललाय मानूस, कागद मागतो व्हय, लाज न्हाई का तुला.

बूट काढला म्हून तर आमी फसलो.

पुढल्या उन्हाळ्यात मशीन आलं, खांब रवले, जाळी मारली. मालक गेले त्याच्याकडं. ह्यो गडी खुर्चीवरनं उठला बी न्हाई. म्हनला, कारभारी ते बोलनं व्हतं, बोलन्याचं काय घेऊन बसलात. मालक घरी आले, हे घोंगडं घडी करून खुटीवर टाकलं, आन आर्दी मेंढरं चौसाळ्याच्या बाजारात नेऊन इकली. मी मातर त्या पुढाऱ्याला लई शिव्या दिल्या, आजून देते.

आन घान कुठं हाय सांगू का? बाहेर न्हाई, घरात हाय. माझा दीर आता त्याच पुढाऱ्याच्या गाडीत फिरतो, गळ्यात पिवळा पंचा. परवा आला. म्हनतो, वयनी, त्यांचा सत्कार हाय, मशीनचं घोंगडं फोटूत खोटं दिसतं, आपलं खरं द्या. मालक कोपऱ्यात बसल्याले, खालीच बघत व्हते. मी घोंगडं काढलं, झटकलं, ह्या हितंच आंथरलं. म्हनलं, न्या भाऊजी, आपल्याच वस्तीचं हाय. पर आदी बूट काढा, ह्याच्यावर बसा, आन एवढंच बोला की आपलं गायरान गेलं त्यात मला काय मिळालं न्हाई.

उभाच राह्यला. बुटाच्या नाडीपर्यंत हात गेल्ता त्याचा, काय झालं कुनास ठावं, हात माघारी घेतला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला तसा निघून गेला, चा बी घेतला न्हाई. सत्काराला मशीनचंच टाकलं मग.

तवापासनं हे आंथरल्यालंच हाय. मालक म्हनले, राहू दे, घडी नको करू. मी बी मघाधरनं ह्याच्यावरच बसून बोलतेय, तवा ह्यात खोटं काय न्हाई. आन तुमी बी बसलात ताई, चपला काढून. चांगलं व्हवो तुमचं, लेकरंबाळं सुखी राहूत. जसं बोलले तसंच लिहीन म्हनलात ना मघाशी? झालं मग. घ्या, चा घ्या.