कंसातली जांभई

बजाजनगरच्या कंपनी-कामगारांनो, ओव्हरटाइमचं रडगाणं माझ्यापुढं गाऊ नका. मी विधिमंडळात प्रतिवेदक, आमदारांची भाषणं शब्दन् शब्द लिहून घेणारा. आम्हाला ओव्हरटाइमच नाय!

परवा एक आमदार कामगारांसाठी तळमळून बोलत होते, "आठ तासांच्या वर फुकट राबवणं गुन्हा आहे!" माझा तेव्हा अकरावा तास चालू होता. लई डोकं फिरलं. आम्हाला पदरचा शब्द घालता येत नाय, फक्त 'हशा', 'टाळ्या' असं कंसात टाकता येतं. मी कंसात टाकलं, 'प्रतिवेदकाची जांभई'.

दुसऱ्या दिवशी आमच्या मुख्य प्रतिवेदक साहेबांचं बोलावणं आलं. म्हटलं, गेली नोकरी.

"हे काय लिहिलंय?"

"साहेब, सभागृहात घडलं तेच."

साहेबांनी चष्मा काढला. "मग माझी कुठंय? मी शेजारीच बसलो होतो ना?"