हात हलला असेल तुमचा!

...नाही, तुम्हीच सांगा, हात हलला म्हणजे काय हो? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं प्रयोगशाळेत माझं एकच काम, हिऱ्याची सुई धातूवर टेकवायची, केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी आत दाबायची आणि धातू किती कडक ते लिहायचं... आणि एक दिवस तांब्याचा आरशासारखा घासलेला तुकडा आला, इथे दाबलं तर एक आकडा, चार केस पलीकडे दाबलं तर दुसराच! तुकडा तोच, सुई तीच, माणूस तोच!

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "हात हलला असेल तुमचा. वय झालं आता." अहो, सुई मशीन दाबतं, माझा हात खिशात असतो! पण सांगणार कोणाला? पंखा बंद केला, दाराला पाटी लावली, झाडूवाल्या मावशींना चवड्यांवर चालायला लावलं, तर त्या म्हणतात, "भाऊ, आत कोण झोपलंय?" मी श्वास रोखून उभा... आकडे पुन्हा वेगळे! तुकडा तोच, सुई तीच, माणूस तोच! घरी ताटसुद्धा इतकं अलगद ठेवायला लागलो की बायको म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

तीन महिने हेच. शेवटी सरांनी मला भांडारात टाकायचं पत्र टाईप केलं... म्हणजे उरलेली चार वर्षं मी बाटल्या पुसणार?

तेवढ्यात नव्या आलेल्या मॅडमनी तो तुकडा दुसऱ्या यंत्राखाली घातला. पडद्यावर ठिगळांच्या गोधडीसारखे रंगच रंग! म्हणाल्या, "काका, वरून एकसारखं दिसतं, पण आत हे वेगवेगळे कण आहेत. प्रत्येकात अणूंच्या रांगा निराळ्या दिशेला. एका बाजूने दाबलं तर अडून बसतात, दुसऱ्या बाजूने लवकर वाट देतात." मग माझे नऊशे आकडे त्या नकाशावर मांडले... एका दिशेचे सगळे कण, आकडा सारखा! एकही चुकला नव्हता हो! तुकडा तोच, सुई तीच, आणि माणूसही तोच! डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं, "मॅडम, एसीची हवा लागते जरा."

सरांनी पत्र फाडलं, पाठीवर थाप मारली. "वा! मग आता प्रत्येक दिशेचे हजार-हजार घ्या. चांदीचे घ्या, निकेलचे घ्या. शनिवारीही या. इतका भरवशाचा माणूस आपल्याकडे दुसरा आहे कोण?"

काय सांगू तुम्हाला... चुकत होतो, तेव्हा निदान पाचला घरी तरी जात होतो.