अटींसह चौदा मतं

गौतमी : हॉल कमिटीच्या अध्यक्षपदासाठी सत्तर मतपत्रिका वाटल्या, सत्तर परत आल्या. मी दोनदा मोजल्या. सुजातामावशी, तुमच्या नावापुढे एकतीस खुणा. आजोबा, तुमच्या नावापुढे चोवीस. एक बाद. तिच्यावर खूण नाहीच, नुसतं ‘जेवण कधी?’ असं लिहिलंय.

भानुदास : यतीन असणार.

गौतमी : मतदान गुप्त आहे, आजोबा.

सुजाता : भूक नाही ना गुप्त! आणि बरोबर विचारलंय त्याने. अडीच वाजले, खीर गार झाली. सुभेदारकाका, तुमच्या राजवटीत बाराला शिट्टी वाजायची आणि पाच मिनिटांत पंगत बसायची.

भानुदास : बसायचीच. तुझ्या लोकशाहीत खिरीत वेलची की जायफळ, यावर तीन मीटिंगा झाल्या.

सुजाता : आणि शेवटी दोन्ही घातलं. कुणी रुसलं नाही.

भानुदास : एकतीस आणि चोवीस. म्हणजे हरलो. अभिनंदन, अध्यक्षबाई. चला, ताटं मांडू.

गौतमी : आजोबा, बेरीज करा ना. एकतीस, चोवीस आणि बाद एक, झाले छप्पन्न. चौदा अजून माझ्या हातात आहेत. सगळ्यांवर खूण तुमच्याच नावापुढे आहे, पण शेजारी काहीबाही लिहिलंय.

भानुदास : काय लिहिलंय?

गौतमी : ‘काका, पण शिट्टी नको.’ अशा पाच आहेत. ‘चालेल, पण हॉलची किल्ली दोघांकडे हवी.’ ‘पोरं इंग्रजीत बोलली तर त्यांना बाहेर उभं करायचं नाही.’ ‘पायात रबरी जँडल्स घालून आलो तर सगळ्यांसमोर ओरडू नका.’

सुजाता : अगं, हा तर जाहीरनामा झाला!

भानुदास : पूर आला तेव्हा या हॉलमध्ये गुडघाभर पाणी होतं. कमिटी व्हॉट्सॲपवर भांडत बसली होती. मी किल्ली घेतली, पोरांना फॉल इन केलं, गाळ काढला. तेव्हा कुणी अटी घातल्या नव्हत्या.

सुजाता : तेव्हा तुम्ही विचारलं कुणाला होतं? गाळ काढलात, भिंती रंगवल्यात, सगळं मान्य. पण मग कमिटीच बरखास्त! दोन वर्षं किल्ली तुमच्या खिशात. शेवटी कमिटी परत आणायला मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, पार पेनरोजपर्यंत घरोघर फिरून सह्या गोळा कराव्या लागल्या.

गौतमी : युनिव्हर्सिटीत मित्र विचारतात, तुझं मराठी एवढं चांगलं कसं? मी सांगते, आमच्याकडे मिलिटरी रूल होता.

भानुदास : हसा, हसा.

सुजाता : काका, आता खरं सांगा. हुकूम चालवून झाला होता. मग निवडणुकीला का उभे राहिलात?

भानुदास : किल्ली मी घेतली होती, सुजाता. मला ती कुणी दिली नव्हती. एकदा कुणीतरी स्वतःहून हातात ठेवावी, एवढंच वाटत होतं.

गौतमी : आता नियम ऐका. शंका असलेली मतं दोन्ही उमेदवारांची संमती असेल तरच धरायची. म्हणून तर दोघांना किचनमध्ये बोलावलं.

भानुदास : बाद कर. फौजेत हुकमाला ‘पण’ नसतो.

सुजाता : मी फार्मासिस्ट आहे, काका. डॉक्टर गोळीपुढे ‘जेवणानंतर’ असं लिहितात. म्हणून मी चिठ्ठी फाडून टाकते का? गोळी तीच असते. फक्त कशी घ्यायची, ते सांगितलेलं असतं.

भानुदास : अगं, ती मतं धरली तर तू हरतेस!

सुजाता : मोजता येतं मला. पण या चौदा जणांना गप्प बसवून मी जिंकले, तर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला? माझी संमती आहे. लिही, गौतमी.

गौतमी : आजोबा, तुमची? संमती म्हणजे अटीसुद्धा मान्य, हं.

भानुदास : किल्लीचं ठीक. दुसरी सुजाताकडेच राहू दे. इंग्रजीचंही... बरं, बोलू देत. जँडल्स बुद्धमूर्तीपुढे तरी काढतील ना?

सुजाता : काढतातच सगळे! तुम्ही पार्किंगमध्येच ओरडायचा.

भानुदास : पण शिट्टी नाही, तर पंगत बसवायची कशी?

गौतमी : हाक मारून.

भानुदास : सत्तर माणसांना?

गौतमी : नावं येतात ना सगळ्यांची?

भानुदास : पोरांची येत नाहीत. त्यांना नुसतं ‘ए’ म्हणायचो.

सुजाता : मी शिकवीन. रिया दोन आहेत, तेवढं सांभाळा.

भानुदास : मग माझी पण संमती. हसतेस काय, लिही ना!

गौतमी : लिहिलं. एकदम मस्त, स्वीट ॲज! दोघांनी इथे सही करा. मावशी, रडताय का?

सुजाता : कांदा आहे गं. आणि आता दर रविवार मला मोकळा, या आनंदाने. काका, हात धुवा, माणसं वाट बघताहेत.

(हॉलमध्ये, माईकवर)

गौतमी : जय भीम. आणि इथल्या माओरी भाषेत, किया ओरा. एकूण मतं सत्तर. बाद एक. सुजाता, एकतीस. भानुदास, अडतीस, त्यांपैकी चौदा अटींसह.