बेणणी

इकडे आखातात, रुवीला बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन कोकणी माणसं उभी होती. थोरला दर मिनिटाला घड्याळ बघत होता.

“रमणदादा, जरा एका जागी उभे राहा की.”

“अर्बाबाने नऊला बोलावलंय रे. साहेब आहे, वाट नाही बघायचा.”

“पण तुम्ही केलंत काय?”

“बेणणी केली. काजूत करतो तशी. कॅम्पात हरणांसाठी कुंपण घातलंय ना, तिथे काटेरी रान माजलेलं. दोन दिवस खपून साफ केलं.”

“मग?”

“ती झुडपं लावलेली होती. तीन वर्षं पाणी घालून. हरणी त्यांच्या आडोशाला पिल्लं ठेवतात म्हणे.”

“अरे देवा.”

“हरणं बघायला टुरिस्ट येतात, म्हणून तो कॅम्प चालतो. आपल्या गावचे सहा जण तिथे कामाला. तूही त्यातलाच.”

“एकही झुडूप नाही राहिलं?”

“एक राहिलं. त्याच्याखाली पिल्लू बसलेलं.”

“पिल्लू बघूनसुद्धा कळलं नाही तुम्हाला?”

“मला वाटलं, ते उठून गेलं की तेवढं तोडू.”